संगमरवराला बांधलेला वळू

माझी मुलगी इथे सिंगापूरला दुसरीत असताना वर्गात 'आईबाबा काय काम करतात' यावर दोन मिनिटं बोलायचं होतं. बाकीच्यांच्या आया बँकेत होत्या, डॉक्टर होत्या. माझ्या लेकीने सांगितलं, "माय मदर गो अँड सी ब्रोकन थिंग्ज. शी डोंट फिक्स, लाह. शी ओन्ली राइट." तिच्या बाईंनी मला हे, वाक्याच्या शेपटाला लागणाऱ्या इथल्या 'लाह'सकट, हसत हसत ऐकवलं. मी घरी येऊन जरा रुसले. पण बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'परदेशातील यशोगाथा' मागितली होती. यश मिळालेली माणसं इथल्या मराठी मंडळात पुष्कळ आहेत, त्यांना विचारावं. मी माझ्या एका चुकीबद्दल लिहिते आहे. ती वेळेवर सापडली, एवढंच तिचं यश.

मी कार्गो सर्व्हेअर होते. सर्व्हेअर म्हटलं की आपल्याकडे साखळी घेऊन जमीन मोजणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. आमचं काम वेगळं. जहाजाने आलेला माल फुटला, भिजला, सडला, की विमा कंपनी एका त्रयस्थाला पाठवते. त्याने जायचं, बघायचं आणि लिहायचं: काय मोडलं, कशामुळे मोडलं आणि तेव्हा ते कुणाच्या ताब्यात होतं. हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून मी हेल्मेट, टॉर्च, कॅमेरा आणि एक जाड सुई घेऊन निघायची. सुई सगळ्यात उपयोगाची. वस्तूला टोचून पाहिलं की ती बरंच काही सांगते.

नमुने नाना तऱ्हेचे. एकदा एका गोदामातून घाबऱ्या आवाजात फोन आला, चाळीस मूर्तींचं नुकसान झालंय. जाऊन पाहिलं तर गणपती. तिथल्या चिनी कारकुनाने प्रत्येक मूर्ती तपासून टापटीप तक्ता केला होता: सुळा तुटलेला, एकच, चाळीसही मूर्तींचा एकाच बाजूचा. "सेम साइड, मॅडम. मस्ट बी व्हायब्रेशन," तो गंभीरपणे म्हणाला. त्या दिवशी मी अहवालात पहिल्यांदा आणि शेवटचं पुराण लिहिलं.

तुटण्याला वय असतं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. ताजी चीर स्वच्छ असते, खडीसाखर फोडल्यासारखी चमकते. जुन्या चिरेत धूळ असते, पिवळेपणा असतो, कधी शेवाळ. दुसरं ज्ञान पट्टीचं. मोठ्या लाकडी पेटाऱ्यांवर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. पेटारा मर्यादेबाहेर कलला की तिच्यावरचा पांढरा ठिपका लाल होतो आणि पुन्हा पांढरा होत नाही. पेटारा कलला एवढंच ती सांगते. केव्हा कलला, कुणाच्या हातून कलला, ते सांगत नाही. नव्या सर्व्हेअरांना मी हे दरवर्षी शिकवत असे. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्यावं, कारण माझ्या ध्यानात राहिलं नाही.

सिंगापूरने पन्नाशी साजरी केली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. रॅफल्स प्लेसजवळ एक गृहस्थ श्रीमंत सभासदांसाठी क्लब काढत होते. त्यांना आपण मालक म्हणू. क्लबच्या दिवाणखान्यासाठी त्यांनी आयर्लंडमधल्या एका पडक्या हवेलीतली शेकोटीची चौकट विकत घेतली होती. काळा संगमरवर, दोन बाजूंना दोन खांब, वर सहा फुटी आडवी शिळा. ज्या देशात थंडी फक्त ऑफिसच्या एसीत असते, तिथे शेकोटी. आत विजेच्या दिव्यांच्या ज्वाळा लागणार होत्या.

पेटारा उघडला तेव्हा आडवी शिळा मधोमध दुभंगलेली होती आणि पेटाऱ्यावरच्या पट्टीचा ठिपका लालभडक होता.

गोदामात आम्ही चौघं होतो. मालक, गोदामाचा मॅनेजर, मी आणि फोर्कलिफ्ट चालवणारा सेल्वम. सेल्वम पन्नाशी ओलांडलेला, तंजावरजवळच्या एका गावाचा, मितभाषी. अठरा वर्षं त्याच गोदामात. त्यानेच पेटारा रॅकवरून खाली आणला होता.

मालक सुतकात असल्यासारखे उभे होते. त्यांनी मला एक पुस्तिका दिली. क्लबसाठी छापलेला हवेलीचा इतिहास, इंग्रजांविरुद्धच्या बंडात ती कशी जळाली त्यासकट. कागद इतका जाड की त्यावर काहीही छापलं तरी वजनदार वाटावं.

"हे बंडखोरांच्या आगीतून वाचलं," ते मॅनेजरकडे वळून म्हणाले, "आणि तुमच्या फोर्कलिफ्टमधून वाचलं नाही."

"मॅडम," सेल्वम शिळेपाशी वाकून म्हणाला, "इथे बघा जरा."

"एक मिनिट," मी म्हटलं.

कारण मालक हवेलीच्या बाईसाहेबांपर्यंत आले होते. बंडखोर मशाली घेऊन दारात उभे असताना त्यांनी पियानोवर हातातली रचना पुरी वाजवू द्यावी अशी विनंती केली म्हणे. ती वाजवून झाली, त्या उठल्या आणि मग घर जळालं. अशा वेळी टोपी काढून ऐकायची रीत असते. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं.

भंगलेल्या कडेवर मी टॉर्च टाकला. वरचा भाग स्वच्छ आणि चमकता. खालचा भाग फोमच्या पॅकिंगमध्ये रुतलेला. पूर्ण बघायचं तर शिळा उचलायला हवी होती, आणि मालक तिला कुणाला हात लावू देईनात. वरच्या पृष्ठभागावर चिरेच्या दोन बाजूंना बोटाएवढे दोन ठिपके होते, बाकी दगडापेक्षा किंचित जास्त काळे. मी पाहिले. दगडात डाग असतात, असं म्हणून सोडून दिले. सुई खिशातच राहिली.

बाकी कागदपत्रं सरळ होती. पेटारा गोदामात आला तेव्हा गेटवरच्या कारकुनाने 'सर्व ठीक' लिहून सही केली होती. म्हणजे तोवर ठिपका पांढरा होता असं धरायचं. त्यानंतर पेटाऱ्याला एकाच माणसाने हात लावला होता. संध्याकाळी मी प्राथमिक अहवाल पाठवला: 'गोदामातील हाताळणीत पेटारा कलल्याने नुकसान झाल्याची दाट शक्यता.' आमचे साहेब मिस्टर कोह खूश झाले. "सो फास्ट! गुड, लाह."

चार दिवसांनी भिजलेल्या खोक्यांच्या कामासाठी मी त्याच गोदामात गेले. सेल्वम गेटपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. कमरेला नेहमी लटकणारी फोर्कलिफ्टची किल्ली नव्हती.

"आज गाडी नाही?" मी विचारलं.

"तुमचा कागद आला ना, मॅडम. किल्ली काढून घेतली." तो उठून उभा राहिला. "माझं वर्क परमिट दोन महिन्यांनी संपतंय. मॅनेजर म्हणाले, या वेळी पुढे पाठवणार नाही. या वयात दुसरं कोण घेणार? मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे."

"मी फक्त शक्यता लिहिली आहे."

"हो. दाट." त्याने तो इंग्रजी शब्द अहवालातला जसाच्या तसा म्हटला. मग जरासं हसून म्हणाला, "तुम्ही मराठी ना, मॅडम? तुमच्या राजांनी आमच्या तंजावरवर राज्य केलं. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्याकडेही निकाल आधी लागायचा, चौकशी सावकाश."

मला ते लागलं. वर तो आणखी काही बोलणार होता. पण चालू प्रकरणातल्या कुणाशी सर्व्हेअरने परस्पर बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे, आणि नियम अशा वेळी फार मदतीला येतात. "तुमचं काय म्हणणं असेल ते मॅनेजरकडे लेखी द्या," असं म्हणून मी खोक्यांकडे गेले. खोक्यांचं मोजमाप दोनदा चुकलं.

शनिवारी मरीन परेडच्या घरी मी ती पुस्तिका पुन्हा काढली. आधी नुसती चिडून वाचत होते. हवेलीच्या सरदारांच्या सात पिढ्यांची नावं, त्यांची कुत्री, त्यांच्या शिकारी. घरात किती नोकर होते तो आकडा आहे, नाव एकाचंही नाही. मग आगीचं पान आलं: 'ज्वाळांनी दिवाणखाना गिळला, पण ही चौकट अबाधित राहिली.' तिथे माझं वाचन थांबलं.

संगमरवर म्हणजे अखेर चुनखडीचाच भाऊबंद. त्याला भाजलं की त्याचा चुना होतो. आपल्याकडची चुन्याची भट्टी याच तत्त्वावर चालायची. दिवाणखाना जळण्याएवढ्या आगीत काळा संगमरवर काळा राहत नाही. करडा पडतो, पापुद्रे सुटतात. मी तर तुळतुळीत काळी शिळा पाहिली होती.

मुलगी तोवर सेकंडरीत गेली होती. सोफ्यावर आडवी पडून माझं पुटपुटणं ऐकत होती. "आई, इट्स अ फायरप्लेस," ती म्हणाली. "इट इज यूज्ड टू फायर, लाह."

"शेकोटी वेगळी आणि घर जळणं वेगळं."

"देन मेबी नो फायर." आणि ती पुन्हा फोनमध्ये गेली.

आग नव्हतीच, असं धरलं तर? मग घर पडकं कशाने झालं? आणि छप्पर नसलेल्या घरात ही चौकट किती पावसाळे, किती हिवाळे उभी होती? त्या जिल्ह्याच्या वाचनालयाचा पत्ता शोधून मी ईमेल लिहिली. एक पडकी हवेली, एक शेकोटी, काही माहिती आहे का. फार आशा नव्हती. हे काम माझ्या अहवालात बसणारं नव्हतं, त्यामुळे ते मी साहेबांना सांगितलंही नाही.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. नूला नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेचं. वाचनालयातलं गावच्या इतिहासाचं कपाट त्या सांभाळत. लिहिणं असं, की बाई फळ्यापुढे उभ्या राहून बोलताहेत असं वाटावं. मराठीत थोडक्यात देते.

'बंडखोर आले होते हे खरं. पियानो होता, पण त्याला कीड लागलेली होती. त्यांनी एक बंदूक आणि दोन सायकली नेल्या. सायकली पुढच्या आठवड्यात आणून ठेवल्या, कारण एक पंक्चर होती. घर कुणी जाळलं नाही. ते करापायी गेलं. आमच्याकडे घरपट्टी छप्पर असलेल्या घराला लागायची. छप्पर काढलं की कायद्याने ते घर नाही, नुसत्या भिंती. शेवटच्या मालकांना पट्टी झेपेना. मी शाळेत होते तेव्हा त्यांनी गवंडी लावून छप्पर उतरवलं. पाटीच्या दगडाच्या फरशा आमच्या चर्चवर गेल्या. ते स्वतः फाटकाजवळच्या दोन खोल्यांत राहायला गेले आणि मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ऊब मिळाली. पुढे ती जागा माझ्या काकांनी गुरांसाठी घेतली. आम्हीही पर्यटकांना बंडखोरांनी जाळलं असंच सांगतो. घरपट्टीचं नाव सांगायला जरा लाज वाटते.'

खाली एक ओळ होती: 'तुमच्या शेकोटीचा फोटो सोबत आहे. समोर काकांचा वळू आहे, त्याने जत्रेत पहिला नंबर पटकावला होता.'

फोटोत छप्पर नसलेला दिवाणखाना होता. जमिनीवर गवत, खिडकीतून आभाळ. चौकटीच्या डाव्या खांबाला जाड दोर बांधलेला आणि दोराच्या टोकाला एक प्रचंड वळू, सरदारांच्या सात पिढ्यांनी मिळून जेवढी ऐट दाखवली असेल तेवढी एकट्याने दाखवणारा. बाजूला काका, लग्नातला कोट घालून. आणि त्यांच्या मागे, आडव्या शिळेच्या मधोमध, वरून खालपर्यंत चीर. चिरेवर लोखंडाची पट्टी ठोकलेली होती. पट्टीची दोन टोकं दगडात रुतलेली, बरोबर त्या दोन ठिपक्यांच्या जागी.

उघड्यावरच्या दगडात पाणी मुरतं, हिवाळ्यात त्याचं बर्फ होतं आणि बर्फ फुगून दगड फोडतं. इकडच्या माणसाच्या हे पटकन डोक्यात येत नाही. मी खुर्चीत मागे टेकले. गेटपाशी सेल्वम भेटल्यापासून छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं होतं, ते उचललं गेल्याचं मला तेव्हा जाणवलं. लगेच दुसरं जाणवलं: आता स्वतःच्या सहीविरुद्ध लिहायचं आहे.

"यू साइन ऑलरेडी," मिस्टर कोह म्हणाले. त्यांनी फोटो दोनदा पाहिला. "अंतिम अहवालात 'कारण अनिश्चित' म्हण. कुणालाच लागत नाही."

"एकाला लागतं."

"कोण?"

"फोर्कलिफ्टवाला."

त्यांनी फोटो माझ्याकडे परत सरकवला. आमच्या धंद्यात पहिला अहवाल फिरवणं म्हणजे पुढे प्रत्येक वकिलाच्या हाती काठी देणं. मलाही ते ठाऊक होतं. एक दिवस मी 'कारण अनिश्चित' या शब्दांकडे बघत बसलेही. लिहायला सोपे होते. दुसऱ्या सकाळी कोहसाहेबच टेबलापाशी आले. "जा, परत बघ. आणि या वेळी दगड उलटा कर."

चौदाव्या दिवशी आम्ही चौघं पुन्हा त्याच जागी उभे होतो. शिळा सेल्वमनेच उचलावी असं मी म्हटलं. मॅनेजरने कुरकुर केली. मी म्हटलं, अठरा वर्षांत याच्या हातून काय काय फुटलं त्याची यादी द्या, मग दुसरा माणूस बोलवा. यादी नव्हती. मॅनेजरने खिशातून किल्ली काढली.

सेल्वमने तो दगड असा उचलला जसं झोपलेलं मूल कुशीवर वळवावं. मी सुई काढली. पहिल्या ठिपक्यात टोचली तर ती आत गेली. संगमरवरात सुई जात नाही. काळा रंग दिलेल्या राळेची गोळी निघाली आणि तिच्या मागून चहाच्या चोथ्यासारखा गंज सांडला. दुसऱ्या ठिपक्यातही तेच. चिरेच्या खालच्या अर्ध्या भागावरून नेलपॉलिश निघावं तसा राळेचा पातळ थर सोलून आला. खाली दगड पिवळा, जुनाट. विकणाऱ्याने लोखंडी पट्टी काढून, चीर चिकटवून, घासूनपुसून शिळा अखंड म्हणून खपवली होती. वरची चमक घासल्याची होती. जहाजावर कंटेनर उन्हात तापला, राळ मऊ पडली आणि जुनी चीर पुन्हा उघडली. पेटारा कधी, कुठल्या बंदरात कलला, ते आजही मला माहीत नाही.

मी फोटो मालकांना दिला. त्यांनी आधी दगड पाहिला, मग फोटो.

"बंडखोर?" त्यांनी विचारलं.

"सायकली नेल्या. परत केल्या."

"पियानो?"

"कीड लागलेला."

"अहवालात हा वळू असायलाच हवा का?"

"जोडपत्र क्रमांक दोन," मी म्हटलं.

त्यांनी फोटो जवळ धरला. ते चिडतील असं मला वाटलं होतं. "माझे आजोबा इथल्या बोट कीच्या जुन्या धक्क्यावर पोती वाहायचे," ते म्हणाले. "सरदारांपेक्षा हा कोटवाला काका मला ओळखीचा वाटतो." मग त्यांनी विकणाऱ्याविरुद्ध काय करता येईल ते विचारलं आणि गेले. पुढे क्लब उघडला. चौकट तिथे आहे, पुस्तिकाही तीच आहे, घर अजून बंडखोरच जाळतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नूलाबाईंच्या गावाचीही नाही.

अंतिम अहवालात मी लिहिलं: 'प्राथमिक निष्कर्ष चुकीचा होता. गोदामातील हाताळणीत दोष आढळला नाही.' बावीस वर्षांत इतकी छोटी आणि इतकी जड वाक्यं दुसरी लिहिली नाहीत. सेल्वमचं परमिट पुढे गेलं. त्याच्या मुलीने पास झाल्यावर पेढ्यांसारखी काहीतरी मिठाई पाठवली, ती आमच्या ऑफिसात मिस्टर कोहनी एकट्यानेच जवळजवळ संपवली.

पण त्या चौदाव्या दिवशीचं थोडं सांगायचं राहिलं. मालक गेल्यावर सेल्वम शिळा पुन्हा फोममध्ये ठेवत होता. मी त्याला फोटो दाखवला. त्याने दगडाकडे आधी बघितलंच नाही. "चांगलं जनावर," तो म्हणाला. "दोर मात्र आखूड बांधलाय." मग बोट त्या लोखंडी पट्टीवर ठेवून म्हणाला, "आमच्या देवळातला खांब चिरला तेव्हा असाच चिमटा ठोकला होता. लहानपणी मी त्यावर चढायचो. म्हणून पहिल्याच दिवशी तुम्हाला ते ठिपके दाखवत होतो."

"मग नंतर बोलला का नाहीत?"

"मॅनेजरला सांगितलं. ते म्हणाले, सर्व्हेअरने बघितलंय. गेटवर तुम्हाला सांगणार होतो, तर तुम्ही लेखी द्या म्हणालात." त्याने पेटाऱ्याचं झाकण सरळ केलं. "त्याआधी एक मिनिट थांबा म्हणाला होतात. थांबलो."

माफी मागायला हवी होती. नियमात बसत नव्हती आणि तोंडातूनही निघाली नाही. ती मी त्यानंतर दुसऱ्या रीतीने मागत राहिले. निवृत्त होईपर्यंत माझ्या प्रत्येक अहवालाचा पहिला परिच्छेद असा असे: माल ज्याने हलवला तो काय म्हणतो. ऑफिसातले नवे सर्व्हेअर याला हसायचे, मग तेही तसंच लिहू लागले.

त्या दिवशी पेटारा बंद झाला. मी नवी पट्टी चिकटवली, ठिपका पांढरा असल्याचा फोटो काढला. सेल्वम गाडीवर चढला. मी वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सेल्वमअण्णा, तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?"

त्याने घड्याळ पाहिलं. कमरेची किल्ली एकदा चाचपली.

"एक मिनिट, मॅडम," तो म्हणाला. "आधी जेवून येतो."